वॉटचा आकडा सगळ्यात शेवटी

दुकानात पाऊल टाकलंस की काउंटरवरचा मुलगा विचारेल, "किती वॉटचा दाखवू?" लगेच आकडा सांगू नकोस. पन्नास म्हणालीस तर तो ऐंशीचा काढेल, ऐंशी म्हणालीस तर दीडशेचा, आणि दर वेळी किंमत वर सरकेल. त्याला सांग, स्पीकर अमुक आहेत, खोली एवढी आहे, बसणार इतक्या लांब. यातलं काहीच ठरलेलं नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर बघायची वेळ अजून आलेली नाही. हातात जे पैसे आहेत त्यातले निम्म्याहून जास्त स्पीकरवर घाल, उरतील त्यात अ‍ॅम्प बघ. बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ बसून मी इतकी वर्षं लोकांचे अ‍ॅम्प उघडले, तिथे एक कायम दिसायचं. वॉट हा शब्द सगळ्यांना पाठ असतो, पण तो कशाचं माप आहे असं विचारलं की माणूस खोक्याकडे बघायला लागतो.

स्पीकरच्या पाठीवर '१०० वॉट' असं छापलेलं असतं. ते वाचून लोक म्हणतात, म्हणजे शंभर वॉटचाच अ‍ॅम्प लागणार, त्याखालच्याने हे वाजणारच नाहीत. अगं, लिफ्टमध्ये 'कमाल ६ व्यक्ती' अशी पाटी असते, म्हणून सहा माणसं गोळा होईपर्यंत लिफ्ट थांबून राहते का? पाठीवरचा तो आकडा स्पीकर किती सोसेल याचा आहे. किती लागेल ते दुसऱ्याच आकड्यात असतं आणि तो बारीक अक्षरात, माहितीपत्रकाच्या मधल्या कुठल्यातरी ओळीत असतो.

त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॉट दिला आणि एक मीटरवर माइक धरला तर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. घरगुती छोट्या स्पीकरचा बहुतेक ८४ ते ९० च्या मधला असतो. दोन-चार डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण हिशेब असा आहे की दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात आणि दर १० डेसिबलला दसपट. म्हणजे ९० चा स्पीकर २० वॉटवर जेवढा वाजेल, तेवढाच वाजायला ८४ च्या स्पीकरला ८० लागतील. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी 'एलएस ३/५ए' नावाचा पुस्तकाएवढा स्पीकर बनवला, आजही लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. तो ८३ च्या आसपास. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला 'क्लिपशहॉर्न', कोपऱ्यात ठेवायचा, कपाटाएवढा, कर्ण्यावर चालणारा. तो १०५ च्या जवळ जातो. या दोघांमध्ये वॉटचा फरक दीडशे पटींच्या घरात आहे. क्लिपशहॉर्नवाल्याला पाच वॉटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प भरपूर होतो, आणि तोच अ‍ॅम्प एलएसला लावला तर खयाल बरा ऐकू येईल, ढोलकीला मात्र दम लागेल.

यात एक गोम आहे, ती ध्यानात ठेव. काही कंपन्या 'एक वॉट' लिहीत नाहीत, '२.८३ व्होल्ट' लिहितात. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की बरोबर एक वॉट होतो, तिथे काही बिघडत नाही. चार ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट दिले की दोन वॉट जातात. म्हणून चार ओहमचा स्पीकर '२.८३ व्होल्टला ८८' असं म्हणत असेल तर त्यातून ३ वजा कर आणि ८५ धर. आणि छापील आकडा बरेचदा एखाद-दोन डेसिबलने फुगवलेला असतो, तेवढी सूट आधीच मनात धरलेली बरी.

आता तुझ्या खोलीचा हिशेब मांडू. दहा बाय बाराची खोली, खाली टाइल्स, भिंती सिमेंटच्या, पडदा असला तर एखादा. अशा खोलीत आवाज बाहेर पळून जात नाही, भिंतींवर आपटून परत येतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. आपल्या असल्या खोलीत त्याहून कमी पडतो. समज तुझे स्पीकर ८६ चे आहेत आणि तू अडीच मीटरवर बसतेस. अंतराचे साडेपाच गेले, दोन स्पीकर आहेत म्हणून ३ परत आले. म्हणजे एकेका स्पीकरला एक वॉट दिला तर तुझ्या खुर्चीत साधारण ८४ डेसिबल पोचतात. आता ८४ म्हणजे किती? समोरासमोर बसून आपण बोलतो ते ६० च्या आसपास. निवांत गाणं ऐकायचं तर ७० ते ७५. ८५ ला शेजारी बसलेल्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. म्हणजे तू रोज संध्याकाळी जे ऐकणार त्याला एक वॉटसुद्धा लागत नाही, त्याचा दहावा हिस्सा पुरतो. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं, जणू मी त्याला स्वस्तातला माल खपवतोय.

पण तेवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट झाली. गाणं एका पातळीवर राहत नाही. विलंबित खयालाची सुरुवात आठव. तानपुरा, एखादा लांब षड्ज, हार्मोनियमचा मागून येणारा सूर. मीटर लावलास तर काटा जेमतेम हलेल. आणि मग तबल्यावर एक 'ना' पडतो. ती थाप डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते, पण त्या क्षणापुरता आवाज सरासरीच्या वर १५-२० डेसिबल उडी मारून येतो. २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॉट! सरासरी ७४ वर ऐकतेस, एक दशांश वॉट चाललाय, आणि त्या थापेला १० वॉट लागले. अ‍ॅम्पकडे ते असले तर तबल्याच्या किनारीवर बोट पडल्याचं कळतं. नसले तर थाप पडते, पण बोथट, पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखी. लोक म्हणतात रेकॉर्डिंग खराब आहे.

म्हणून रोजच्या आवाजाला वॉट मोजायचे नाहीत, थापेला मोजायचे. ८६ चे स्पीकर, तुझी खोली, निवांत ऐकणं: १० वॉट लागतात, हात राखून २५-३० घे. आता तुझे मित्रमैत्रिणी आले आणि सरासरीच ८५ वर नेली, तर थापा १०५ वर जाणार. ८४ पासून १०५ म्हणजे २१ डेसिबल, म्हणजे एकेका बाजूला सव्वाशे वॉट. बघ, त्याच खोलीत, त्याच स्पीकरवर, ऐकणारा बदलला की दहाचे सव्वाशे झाले. 'या स्पीकरला किती वॉट लागतात' या प्रश्नाला एकच आकडा सांगता येत नाही तो यामुळे. कुणी सांगत असेल तर तो स्वतःच्या घरचा सांगतोय.

काय ऐकतेस यावरही आहे. हल्लीची सिनेमाची गाणी दाबून, सपाट करून भरलेली असतात. सरासरी आणि शिखर यांत ८-१० डेसिबलचं अंतर उरतं. ती लहान अ‍ॅम्पवरही दणदणीत वाजतात. मैफलीचं ध्वनिमुद्रण, पाश्चात्त्य वाद्यवृंद, नुसता पखवाज किंवा ढोल-ताशाचं चांगलं रेकॉर्डिंग, यांना मोकळी जागा लागते. तुझे बाबा नाट्यसंगीत लावतात, जुन्या तबकड्यांवरून आलेलं, त्यात मुळातच उंच शिखरं शिल्लक नाहीत. त्यांचं पंधरा वॉटमध्ये कायमचं भागेल.

हे सगळं अंदाजाचं झालं. खात्री करायची असेल तर मल्टिमीटर घे, आणि घेताना एवढं बघ की त्यात एसी व्होल्टची २० ची किंवा त्याहून खालची रेंज आहे. सगळ्यात स्वस्त पिवळा मीटर मिळतो त्यावर एसीला २०० आणि ७५० एवढ्याच दोन रेंज असतात. तो प्लगमधली वीज तपासायला ठीक, आपल्या कामाला जाडाभरडा. मग कॉम्प्युटरवर 'ऑडॅसिटी' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघड. त्यात टोन तयार करायची सोय आहे. साइन वेव्ह, १२० हर्ट्‌झ, अँप्लिट्यूड ०.२५, एखाद मिनिटाची फाइल. १२० का, तर स्वस्त मीटर घरच्या ५० हर्ट्‌झच्या विजेसाठी बनवलेले असतात. खूप वरचा सूर दिला तर ते खोटं बोलायला लागतात. ०.२५ का, ते पुढे कळेल.

आता कुणाचा तरी अ‍ॅम्प उसना आण, कुठलाही चालेल, आणि तुझ्याकडचं सगळ्यात जोरकस रेकॉर्डिंग लाव. नॉब हळूहळू वर ने. 'बास, याच्यावर मी कधीच ऐकणार नाही' असं वाटेल तिथे थांब आणि नॉबला पुन्हा हात लावू नकोस. फोनवरून वाजवत असशील तर अ‍ॅपमधलं आवाज समान करणारं सेटिंग आधीच बंद केलेलं असू दे, नाहीतर मोजणी फुकट. अ‍ॅम्प बंद कर, मागून स्पीकरच्या वायरी काढून ठेव, अ‍ॅम्प परत चालू कर, आणि ज्या मार्गाने गाणं वाजवलं त्याच मार्गाने तो टोन वाजव. मीटरची एक पिन एका बाजूच्या लाल टर्मिनलला, दुसरी त्याच बाजूच्या काळ्याला. काळी पिन अ‍ॅम्पच्या बॉडीला किंवा दुसऱ्या बाजूच्या काळ्याला लावायची नाही, हल्लीच्या पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये काळं टर्मिनलसुद्धा 'जिवंत' असतं. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर स्पीकर काढून हा प्रयोग अजिबात करायचा नाही. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लोडशिवाय चालवला की जळू शकतो. तिथे स्पीकर जोडलेले ठेवून मोजायचं, टोन कानाला त्रास देईल तेवढा सोसायचा.

समज मीटर दीड व्होल्ट दाखवतोय. आपला टोन पूर्ण उंचीच्या पाव उंचीचा आहे, म्हणून चारने गुणायचं: ६ व्होल्ट. सहाचा वर्ग ३६, भागिले ८ ओहम, साडेचार वॉट. म्हणजे तुझ्या खोलीत, तुझ्या स्पीकरवर, तुला सोसेल त्या कमाल आवाजाला, रेकॉर्डिंगचं सगळ्यात उंच शिखर गाठायला साडेचार वॉटचा अ‍ॅम्प पुरला असता. मीटरने ३ व्होल्ट दाखवले तर १८ वॉट, ५ दाखवले तर ५०. तोंडी हिशेब हवा तर आठ ओहमला मीटरच्या आकड्याचा वर्ग करून दुप्पट कर, चार ओहमला चौपट. मी ही मोजणी पुष्कळांकडून करून घेतली आहे. शंभराच्या खाली वॉट घेणं म्हणजे कमीपणा असं मानणारे लोक मीटरवर दोन व्होल्ट दिसले की आधी मीटरच बदलून बघतात.

आलेल्या आकड्याला दुपटी-तिपटीने वाढवून अ‍ॅम्प घे आणि विषय संपव. पन्नासचा घेऊ की साठचा, यावर मात्र रात्री जागवू नकोस. त्यात एक डेसिबलचाही फरक नाही, कानाला तो कळणार नाही. पन्नासचे शंभर केले तर ३ डेसिबल मिळतात, ते कळतं, पण 'दुप्पट मोठा' वाटत नाही. दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे पन्नासचे पाचशे. तेवढे पैसे अ‍ॅम्पवर घालण्यापेक्षा ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घे, किंवा खुर्ची फूटभर पुढे ओढ.

आता लोकांना ज्याची उगाच भीती वाटते त्याबद्दल. "साठ वॉटच्या स्पीकरला शंभर वॉटचा अ‍ॅम्प लावला तर उडेल ना?" नाही उडत. अ‍ॅम्प शंभर वॉट ओतत बसत नाही, नॉबने मागशील तेवढंच देतो. माझ्या टेबलावर आलेले जळके ट्विटर (वरचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर) मोठ्या अ‍ॅम्पपेक्षा लहान अ‍ॅम्पवर जास्त मेलेले असायचे. कसं, ते ऐक. अ‍ॅम्पच्या सप्लायला जेवढे व्होल्ट असतात त्यापलीकडे आवाजाची लाट जाऊ शकत नाही. नॉब आणखी फिरवला की लाटेचा माथा कापला जातो, त्याला क्लिपिंग म्हणतात. बास आधी त्या छताला टेकतो, कारण गाण्यातली बहुतेक ताकद बासमध्ये असते. बास आता वाढत नाही, म्हणून पार्टीतला कुणीतरी नॉब आणखी फिरवतो. बास तिथेच राहतो आणि वरचे सूर मात्र वाढत जातात, शिवाय माथा कापल्यामुळे जे नवे कर्कश सूर तयार होतात ते वेगळेच. हे सगळं सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधून ट्विटरकडे जातं. ट्विटरची कॉइल केसासारख्या तारेची, तिला सलग सोसायला दोन-चार वॉटच जमतात, आणि रात्रभर तिला ते दुपटी-तिपटीने मिळत राहतात. उघडून बघितलंस तर तारेवरचं लाखेचं आवरण करपून तपकिरी-काळं झालेलं असतं, जळका वास येतो, आणि मीटर लावला की सर्किट तुटलेलं दाखवतो. त्याच्याशेजारी बासचा वूफर ठणठणीत असतो. वूफर बघायचा तर बोटांची टोकं कोनच्या भोवती सारख्या अंतरावर ठेवून हलकेच आत दाब. आत-बाहेर गुपचूप सरकला तर ठीक, 'खर्र' असं घासलं तर कॉइल बसली.

याचा अर्थ मोठा अ‍ॅम्प काहीही करत नाही असा काढू नकोस. पार्टीत शंभर वॉट स्वच्छ देऊन साठचा स्पीकर तासन्‌तास बडवलास तर तोही मरेल, फक्त उष्णतेने. साधारण ८६ चा स्पीकर दिलेल्या विजेतला पाव टक्काच आवाजात बदलतो. बाकीची सगळी वीज त्या कॉइलला तापवण्यात जाते. त्यामुळे कान हाच मीटर धरायचा. नॉब वाढवल्यावर आवाज मोठा होण्याऐवजी नुसता टोचायला लागला, गायिकेचा तार षड्ज चिरका व्हायला लागला, झांजांचा एकच खळखळाट झाला, की तिथून मागे ये. आणि बासचं बटण वाढवण्याआधी दहा वेळा विचार कर. बास ६ डेसिबलने वर केलास तर त्या भागाला चौपट वॉट लागतात, १० ने केलास तर दसपट. 'लाउडनेस' बटणही तेच करतं. हळू आवाजात ते चालू असू दे, मोठ्या आवाजात बंद.

ओहमकडे लोक बघत नाहीत. स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असतं ते नावापुरतं; वाजताना तो काही सुरांना खाली उतरतो, चार ओहमचा तर तीनपर्यंत येतो. ओहम कमी झाले की अ‍ॅम्पकडून करंट जास्त ओढला जातो. चांगला अ‍ॅम्प आठ ओहमला ५० देत असेल तर चार ओहमला ८०-९० तरी देतो. ज्याच्या कागदावर चार ओहमचा आकडाच नाही, किंवा आठपेक्षा तो कमी आहे, त्याचा ट्रान्सफॉर्मर लहान आहे असं खुशाल समज. १९७८ साली 'एनएडी ३०२०' नावाचा अ‍ॅम्प आला. कागदावर २० वॉट. दिसायला कंपासपेटीसारखा साधा, पण करंट द्यायला मागेपुढे बघायचा नाही, क्षणभराच्या थापेला छापील आकड्याच्या बरंच वर जायचा, आणि क्लिपिंगची धार बोथट करायचं बटण त्याला मागे होतं. जगभर तुफान खपला, आणि पन्नास वॉटवाल्यांना त्याने खाली बघायला लावलं. इंग्लंडच्या क्वाडचं तर त्याआधीचं उदाहरण आहे. १९५७ सालचा त्यांचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर त्यांच्याच १५ वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर वाजायचा, आणि त्या जोडीची आठवण काढून लोक अजून हळहळतात.

खोक्यावरच्या आकड्यांचं काय सांगू! नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर 'पीएमपीओ' लिहिलेलं असायचं, हजार काय, दोन हजार काय. आत उघडलं तर दहा वॉटसुद्धा देऊ शकणार नाही असा सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर. त्या शब्दाची ठरलेली मोजणीच नव्हती, ज्याला जे वाटेल ते छापायचा. अमेरिकेत असल्या जाहिराती इतक्या बोकाळल्या की १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅम्पचे वॉट कसे मोजून सांगायचे याचा नियमच केला. कागदावर बघायचं ते हे: वॉट किती ओहमला, दोन्ही बाजू एकदम चालू असताना का, २० ते २०,००० हर्ट्‌झ या पूर्ण पट्ट्यात का, आणि विकृती किती टक्के. '१० टक्के विकृतीला १०० वॉट' असं लिहिलेलं असेल तर ते क्लिपिंगमध्ये शिरून मोजलेलं आहे. होम थिएटरच्या रिसीव्हरवर 'एकेका चॅनलला १००' लिहिलेलं बहुतेक वेळा एकच किंवा दोनच चॅनल वाजवून मोजलेलं असतं. पाची एकदम वाजले की ते पुष्कळ खाली येतं.

हल्ली ती छोटी क्लास-डी डबी मिळते, हाताच्या पंजात मावणारी, '१०० वॉट + १०० वॉट' म्हणणारी. वाईट नसते, मी स्वतः घरी वापरतो. तिचा आकडा मात्र डबीवर बघायचा नाही, तिच्या अडॅप्टरवर बघायचा. अडॅप्टरचे व्होल्ट स्वतःशी गुण आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भाग. १२ व्होल्टचा अडॅप्टर, आठ ओहमचे स्पीकर: १४४ भागिले १६, नऊ वॉट. त्याहून जास्त ती डबी देऊच शकत नाही, खोक्यावर काहीही असो. २४ व्होल्टचा अडॅप्टर लावला की तीच डबी ३६ पर्यंत जाते, प्रत्यक्षात थोडं कमीच. फक्त आधी बघून घे की आतल्या आयसीला २४ चालतात. मग अडॅप्टरचे अ‍ॅम्पिअर बघ. १२ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअर म्हणजे भिंतीतूनच २४ वॉट येणार. २४ वॉट आत घेऊन २०० बाहेर देणारं यंत्र सापडलं तर मला फोन कर, महावितरणचं बिल भरायचं सोडून देऊ.

नॉबबद्दल एवढंच, की तो मध्यावर आला म्हणजे अर्धी ताकद झाली असं नसतं. सीडी प्लेयर किंवा डॅकमधून (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारी डबी) दोन व्होल्टचा जोरदार सिग्नल आला तर पुष्कळ अ‍ॅम्प नॉब बारा वाजता असतानाच पूर्ण ताकदीला पोचतात, त्यापुढचं फिरवणं नुसतं क्लिपिंग. फोनचा हेडफोन जॅक लावला की तोच नॉब तीन वाजेपर्यंत न्यावा लागतो आणि मग वाटतं अ‍ॅम्प दुबळा आहे. वायरीवर हजारो रुपये घालू नकोस. चार-पाच मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची कुठलीही साधी वायर पुरते. फक्त टोकाची एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली नाही ना, ते बघ. आउटपुट उडवायला तेवढं पुरे. सबवूफर घेतलास आणि ८० हर्ट्‌झखालचं त्याच्याकडे वळवलंस तर मुख्य अ‍ॅम्पचा मोठा भार उतरतो. लहान अ‍ॅम्पवाल्याने पुढचे पैसे तिथे घालावेत.

आणि शेजारी. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५. ती बाहेर मोजलेली, तुझ्या खुर्चीतली नव्हे, पण आपल्या भिंती किती जाड आहेत ते तुलाही माहीत आहे.

जुना अ‍ॅम्प घेणार असशील, आणि मी तर म्हणेन घेच, तर तो घरी आणल्याबरोबर स्पीकर जोडायचे नाहीत. व्हॉल्व्हचा नसेल तर वायरी न लावता चालू कर, नॉब शून्यावर, दहा मिनिटं तापू दे. मग तोच मीटर डीसीच्या मिलिव्होल्ट रेंजवर घेऊन लाल-काळ्या टर्मिनलला लाव. दहा-वीस मिलिव्होल्ट दिसले तर निर्धास्त जोड, पन्नासपर्यंतही चालतं. शंभराच्या वर दिसले तर कुणाकडून तरी अ‍ॅडजस्ट करून घे. सरळ व्होल्टमध्ये आकडा आला तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. असा अ‍ॅम्प स्पीकरला जोडलास की वूफरचा कोन एका बाजूला जाऊन बसतो आणि थोड्याच वेळात कॉइलचा धूर येतो. विकणारा सज्जन असेल तर हे त्याच्याच घरी करून बघायला देईल. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत ये.